मानाचं चाक

वळवाच्या वाऱ्यात चावडीजवळच्या चिंचेच्या दोन फांद्या तडकल्या. एक भिवराबाईच्या मातीच्या घरावर लोंबकळली, दुसरी गावचा सारा वसूल करणाऱ्या माली पाटील किशनरावांच्या नव्या माडीवर. वारं अडाणी. कुणावर लोंबकळावं याची त्याला अदब नाही.

फांद्या नुसत्या तोडल्या तर घरं बसणार. म्हणून दोर बांधून कप्पीवरून हळूहळू उतरवायच्या ठरल्या. आता कप्पी कोणती, हे ठरवायला गाव चावडीपुढं जमला. सरकार निजामाचं, चावडी पाटलाची, अक्कल पटवाऱ्याची.

पटवारी बन्सीधरराव म्हणाले, "यात इचार कसला? पाटील मालकाच्या मोटेचं चाक! दसऱ्याला पहिलं कुंकू त्यालाच लागतंय."

संपलं. कुंकवानं वजन पेलतं, हे आमच्या गावचं शास्त्र.

झाडावर चढणार होता मल्हारी धनगर. शेरडांसाठी पाला तोडणारा, अन् दोन साल परभणीच्या जिनिंगात कापसाच्या गठाणी उतरवलेला. त्यानं चाक हातात घेतलं, मधली लोखंडी दांडी हलवून पाहिली.

"न्हाई जमायचं. दांडी झिजली. फांदी धा मणाची, कप्पीवर ईस मण येतंय."

पटवारी खो खो हसले. "फांदी एक अन् वजन दुप्पट! कोण्या मदरशात शिकला रे?"

"एका अंगानं फांदी ओढती, दुसऱ्या अंगानं आमी तितकंच ओढतो. मधी कप्पी दोघांचं सोसती. जिनिंगातली लोखंडी कप्पी आना."

"म्हंजे मालकाचं चाक नाकारायलास?"

किशनराव भिवराबाईकडं वळले. "बाई, या चाकानं दोन पिढ्या पाणी काढलंय."

"मालक, पाणी सांडलं तर चिखल होतंय. फांदी सांडली तर मी कुठं जाऊ? माझं घर तेवढं एकच हाय."

मल्हारीनं चाक खांद्यावर घेतलं. "बरं, मानाचं चाक, तर पहिला मान मालकाच्या माडीचा. आधी तिकडली फांदी उतरवू."

किशनरावांनी माडीकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं, अन् दोन पिढ्यांत पहिल्यांदा त्या घराण्याचं बोट दांडीला लागलं.

"बन्सीधर, गाडी जुपायला सांगा. लोखंडी आनू. उगं जुन्या चाकाला तरास कशाला?"

चाकावर एवढी माया! माणसांवरची कधी पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी लोखंडी कप्पी आली. हुकूम सुटला: आधी माडी, मग कप्पी परत. भिवराबाईचं काय, ते तिच्या देवानं बघावं. पण तोवर मल्हारीनं वर कप्पी अडकवून दोर भिवराबाईच्या फांदीला बांधला होता.

"मल्हाऱ्या, ती न्हाई!" पटवारी ओरडले.

"बांधली की. आता सोडली तर माडीवर जाईल."

खरं की खोटं, ते बघायला वर चढायची कुणाची छाती नव्हती. दहा माणसांनी दोर ढिला सोडत नेला. फांदी भिवराबाईच्या दारात अशी टेकली, की अंड्यांवरची कोंबडीही उठली नाही. शेळ्या मात्र पाल्यावर तुटून पडल्या. मग माडीची उतरली.

दसऱ्याला मानाच्या चाकाला पहिलं कुंकू लागलं. पटवारी म्हणाले, "या चाकाच्या पुण्याईनं दोन घरं वाचली."

भिवराबाई म्हणाली, "खरं हाय. ते झाडावर चढलं न्हाई, म्हणून वाचली."