दादाने सरळ केलेला पत्रा

बावीस दिवस दवाखान्यात काढून धाकटा वर्कशॉपमध्ये आला, तो थेट मागच्या शेडकडे. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टरांनी तोंडावरच सांगितलं होतं, वेल्डिंग आता विसरा. म्हणजे शेडमधलं ते शिल्प शेवटचंच.

पुढचं वर्कशॉप थोरल्याचं. गेट, जिने, जाळ्या. काटकोन म्हणजे काटकोन, तिथे हयगय नाही. तापून पत्रा वाकला, की कारागिराला शिव्या ठरलेल्या. आणि मागे धाकट्याचे उद्योग! जाड पत्रा एका जागी लालबुंद तापवायचा आणि निवताना जिकडे ओढ घेईल तिकडे जाऊ द्यायचा. पुन्हा तापवायचा, पुन्हा वाट बघायची. बायको गेल्यावरची दोन वर्षं त्याने या एका पत्र्यात घातली होती. त्यात काय दिसायचं म्हणाल, तर काही नाही. पण त्याला हवं तसं आयुष्यात एकदाच जमलं होतं.

पत्रा उभा होता. सपाट. कडा घासून गुळगुळीत, वर लाल प्रायमरचे दोन हात.

"अरे, बघतोस काय नुसता?" दादा हात पुसत आला. "तू तिकडे पडलेला, इथे माझं चित्त थाऱ्यावर नाही. म्हटलं, याचं काम तरी मार्गी लावू. पार वेडावाकडा झाला होता रे! आठ दिवस घण घातला, तेव्हा कुठे वठणीवर आला. एका सुताचा फरक नाही, बघ."

धाकट्याला घसा फोडून ओरडावंसं वाटलं. पण दादाच्या तळहातांना फोड आले होते. तीस वर्षं या माणसाने त्याच्या कामाला भंगार म्हटलं होतं. आज पहिल्यांदाच मायेने हात लावला होता.

"छान झालंय," तो कसाबसा म्हणाला.

दादा लहान मुलासारखा खुलला. "तुझी वहिनी म्हणत होती, विचारल्याशिवाय हात लावू नका. म्हटलं, माझा भाऊ आहे, मला कळत नाही होय? मग आता तुझ्या घरातली ती सहा कामंही आणतो. सगळीच सरळ करून टाकू!"

ती सहा शिल्पं म्हणजे त्याचा अख्खा जन्म होता. नको म्हणायचं, तर दादाने आठ दिवस घण घालून काय मोडलं तेही सांगावं लागणार. आणि राखायची तरी कुणासाठी? बघणारी गेली, हातही गेला.

"ने," तो म्हणाला. "किल्ली वहिनीकडेच आहे."

दादाने तिथल्या तिथे टेम्पोवाल्याला फोन लावला.