खिशातला हात

छकुलीच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट कुट्टी मशीननं खाल्लं, तेव्हा ती दुसरीत होती. गुरांसाठी ती मशीनमध्ये हत्तीघास सारत होती आणि बटण दाबलं होतं समर्थनं, तिच्या थोरल्या भावानं. हे घरात कुणी तोंडावाटे काढत नसे. बोटं छकुलीची गेली, वर धांदरट हे नावही तिलाच चिकटलं. असले निवाडे आपल्या घरांत फार झटपट होतात.

काटेवाडीत आता बैल शोधावे लागतात, पण छकुलीच्या घरच्या गोठ्यात अजून एक जोडी होती. पोळ्याला घरातल्या पोरांनी गेरूत उजवा हात बुडवायचा आणि बैलांच्या पाठीवर ठसे उमटवायचे, ही घरची रीत. त्या वर्षी छकुली गेरूच्या पातेल्याकडे गेली, तर आजीनं, ठमाबाईनं, तिला मनगटाला धरून मागं ओढलं. अपुऱ्या हाताचा ठसा जनावराला लाभत नाही म्हणाली, तेही सगळ्या भावकीसमोर. तेव्हापासून छकुलीचा हात फ्रॉकच्या खिशात गेला तो गेलाच. लिहायलाही ती डाव्या हातानं शिकली.

पुढच्या वर्षी शाळेत पुण्याची श्रेयाताई आली. ती मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढायची. नवं पुस्तक होतं गुहेत राहणाऱ्या माणसांचं, फार फार जुन्या काळातलं. त्यांच्यातली एक मुलगी पाय मोडून मागं राहते, आणि सगळी टोळी शिकार सोडून तिला आणायला माघारी फिरते. शेवटच्या पानावर सगळे गुहेच्या भिंतीवर हाताचे ठसे उमटवतात. त्या पानासाठी श्रेयाताईला खऱ्या मुलांचे ठसे हवे होते, खाली ज्याचं त्याचं नाव घालून.

सगळी पोरं गेरूत हात घालून मोकळी झाली. छकुली कोपऱ्यात, हात खिशात. श्रेयाताईनं तिच्यासमोर फतकल मारली आणि सांगितलं, की जुन्या गुहांमध्ये बोटं कमी असलेले हातसुद्धा सापडलेत. त्या माणसांनी ते पुसले नाहीत, बाकीच्यांच्या शेजारीच राहू दिले.

"मला तुझाच हात हवाय," ती म्हणाली. "आहे तसा."

असं छकुलीला कुणी म्हटलं नव्हतं. तिनं हात बाहेर काढला.

घरी येऊन तिनं सगळं आजीला सांगितलं आणि विचारलं, आता पोळ्याला मी पण ठसा देऊ का? ठमाबाई कडधान्य निवडत होती. छापलेल्या गोष्टीचा तिला भारी धाक.

"पुस्तकात छापून येऊ दे," ती म्हणाली. "मग बघू."

झालं. पोरीनं तेवढ्यावर सगळा पावसाळा काढला. झोपण्याआधी ती उशीवर हात दाबून बघायची, तीन बोटं नीट उमटतात का म्हणून.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात बारामतीत एका सभागृहात पुस्तकाचं प्रकाशन झालं. आईनं नवा फ्रॉक शिवून घेतला होता, खिशाचा. माणूस माणसाला धरून राहिला म्हणूनच जगला, असं पाहुणे व्यासपीठावरून सांगत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. छकुलीनं थेट शेवटचं पान उघडलं. तिचं नाव होतं. नावावर हात होता. हाताला पाच बोटं होती.

तिनं आपला हात त्या ठशावर ठेवून पाहिला. अंगठा जुळला, पुढची दोन बोटं जुळली. उरलेली दोन तिच्या हाताबाहेर तशीच दिसत राहिली.

श्रेयाताई सह्या देत होती. छकुलीनं पान तिच्यापुढे धरलं आणि त्या दोन बोटांवर बोट ठेवलं.

"ही कुणाची?"

श्रेयाताई क्षणभर गडबडली. मग तिनं छकुलीचा गाल ओढला. छापणाऱ्यांना वाटलं, लहान मुलं घाबरतील, म्हणून थोडं पूर्ण केलं, असं ती म्हणाली. "बघ ना, किती गोड दिसतोय."

ती खोटारडी नव्हती, तेच वाईट. तिला खरंच गोड दिसत होता. तिनं पानाच्या कोपऱ्यात प्रेमानं सही केली.

पोळ्याला अंगणात बैल धुऊन उभे केले. समर्थनं ठसा दिला, पाच बोटांचा, ठसठशीत. मग छकुली पुढं झाली, पातेल्यात हात मनगटापर्यंत बुडवला आणि आजीकडे बघून म्हणाली, "छापून आलंय."

ठमाबाईनं आतून पुस्तक आणवलं. शेवटचं पान उघडून, चष्मा सावरून, सावकाश पाहिलं. पोरीच्या हाताकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"त्या शिकल्या-सवरल्या बाईलाबी तुझा हात हाय तसा दावाय नगं वाटला. मग मी काय येगळं क्येलं, सांग?"

आई चुलीपाशी होती, तिनं लाकूड आत सारलं. भावकीतलं कुणीतरी, चला, उशीर होतोय, म्हणालं आणि बैलांच्या शिंगांना बेगड लागू लागली.

छकुलीनं गेरूनं भरलेला हात तसाच नव्या फ्रॉकच्या खिशात घातला.

रात्री आईनं फ्रॉक उलटा केला आणि आधी पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. मग ती दगडावर तो खिसा घासत बसली. गेरूचा ठसा पार आतल्या कापडात बसला होता, तीन बोटांचा. तो काही निघाला नाही. बाहेरून दिसत नाही ना, मग चालतंय, असं म्हणून आईनं फ्रॉक दोरीवर वाळत घातला.