दुपारची लाँच

ओतोनिएल शेठचा फोन आला तेव्हा मी देवापुढची मेणबत्ती लावून नुकतीच उठत होते. पहाटे अंघोळ, मग एक पांढरी मेणबत्ती, मग जपमाळ, मग बिनगुळाची कॉफी. एवढं होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. शेठला ते ठाऊक आहे, पण अंतिग्वा शहरात बसलेल्या माणसाला तळ्याकाठच्या पहाटेची काय पर्वा!

"चेपिता, ऐक. माद्रिदहून मोठी मंडळी येताहेत. बेगोन्या नावाच्या बाई आणि त्यांचा नवरा. यांची कंपनी नुसती माणसं फिरायला पाठवत असते जगभर. पुढच्या वर्षी आपल्याकडे पाठवायची की कोस्टा रिकाला, हे ठरवायला स्वतः येताहेत. सगळा दौरा मी आखलाय, फक्त तळ्याकडचा दिवस तू आख. आणि असा आख, की बाई रडली पाहिजे!"

"रडेल," मी म्हटलं.

तो खूश होऊन हसला. माझा आवाज बारीक आहे. लहानपणापासून सगळे म्हणतात, चेपा बोलते की मांजर चालतं कळत नाही. अशा आवाजाचा एक फायदा असतो. त्यातला राग कुणाला ऐकू जात नाही.

आमच्या सान मार्सेलो गावात शेठचे पाहुणे आले की लाँच कुणाची, जेवण कुठे, विणकाम कुणाच्या अंगणात दाखवायचं, हे सगळं मीच बघते. माझा मुलगा गास्पार त्यांच्यासाठी लाँच चालवायचा. मागच्या वर्षी जानेवारीत एका दुपारी शेठचे पाहुणे पलीकडच्या काठावर अडकले होते. त्यांना विमान गाठायचं होतं. गास्पारला फोन आला तेव्हा तो माझ्याशेजारी मक्याच्या भाकऱ्या थापायला बसला होता. बायकांचं काम म्हणून लाजायचा नाही तो. दोन्ही हात पिठाचे, म्हणून त्याने कोपराने फोन स्पीकरवर टाकला.

"शेठ, शोकोमील उठलाय," गास्पार म्हणाला. शोकोमील म्हणजे आमचा दुपारचा वारा. तो उठला की तळ्यावर कुणी उतरत नाही.

"कसला वारा? कारणं सांगू नकोस. तुला जमत नसेल तर उद्यापासून दुसरी लाँच बघतो."

गास्पारने हात धुतले. माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला, म्हणाला, "नाना, भाकरी गरम ठेव." आमच्याकडे आईला नाना म्हणतात. तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याची निळी लाँच काठच्या वेळूच्या बेटात उलटी सापडली. तो सापडला नाही. आमचं तळं खोल आहे, ते घेतलेलं परत देत नाही.

नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला शेठ आला. काळा कोट, हातात फळांची करंडी. माझ्याच अंगणात, सगळ्या गावासमोर तो म्हणाला, "काय सांगू! तळं ताटासारखं सपाट होतं. मी त्याला म्हटलं, येऊ नकोस, कारण फोनवर त्याची जीभ जड लागत होती. प्यायला होता बिचारा. देव त्याला क्षमा करो."

माझ्या मुलाने दारूचा थेंब कधी घेतला नव्हता. पण गावातल्या निम्म्या लाँच शेठच्या पाहुण्यांवर चालतात. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "हो, वास येत होता म्हणे."

त्याचं मरण मी देवाच्या हवाली केलं असतं, पण आमच्या गावची एक रीत आहे. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, दुपारी सगळा गाव धक्क्यावर जमतो. लाँचवाल्यांचा म्हातारा, ताता व्हिसेन्ते, तळ्याने नेलेल्या एकेका माणसाचं नाव पुकारतो. घंटा वाजते आणि झेंडूचा एक हार पाण्यात पडतो. नाव ऐकलं की तो जीव वाट ओळखतो, घरी येतो, त्याच्यासाठी मांडलेलं खातो. ज्याला दारूने बुडवलं, त्याचं नाव मात्र घेत नाहीत. तळ्यावर खोटा आळ नको म्हणून.

मागच्या वर्षी मी गुळातला भोपळा केला. गास्पारला फार आवडायचा. नावं संपली, त्याचं आलं नाही. भोपळा सकाळपर्यंत तसाच होता.

मी तातांच्या पाया पडले होते. ते म्हणाले, "चेपा, मला कळतं गं. पण तुझा शब्द आईचा शब्द आहे. पोराला कोणती आई दारुडा म्हणेल? ज्याने आळ घेतला त्याच्या तोंडून निघू दे. मी त्याच घटकेला नाव पुकारीन."

त्या दिवसापासून मी गूळ सोडला. गास्पारचं नाव पुकारलं जाईपर्यंत गोड तोंडात घालायचं नाही. आणि पांढऱ्या मेणबत्तीशेजारी रोज शेठच्या नावाने एक काळी मेणबत्ती लावायला लागले. पाद्रीबाबांना हे आवडणार नाही, म्हणून त्यांना सांगितलं नाही. देवापासून काही लपवलेलं नाही.

तर दौरा आखायचा होता. मी फोनवर शेठला दिवस सांगत गेले. सकाळी पलीकडून लाँचने यायचं. आंद्रेआच्या अंगणात विणकाम. मग स्मशानात, घराघरांतली माणसं आपापल्या मृतांच्या थडग्यांपाशी जेवायला बसलेली असतात तिथे. मग आमच्याकडे जेवण.

"आणि ते नावं पुकारणं? बाईंनी कुठेतरी वाचलंय. तेच बघायचंय म्हणते."

"ते दुपारी असतं शेठ. जेवणानंतर."

"मग ते झाल्या झाल्या लाँच सोडायची. रात्री पलीकडे पानाहाचेलला मोठं जेवण ठेवलंय मी, हॉटेलवाले, मंत्रालयातले दोघे. उशीर नको हं. आणि गाडीने आलो असतो, पण तो रस्ता..."

"दरड पडलीय. अजून उचलतात कुठे!"

"मग लाँचच. दुपारची लाँच. बघ तू सगळं. तू आहेस म्हणजे मला चिंता नाही."

हा माणूस समोरच्या काठावर जन्मला. त्याचा बाप मासे पकडायचा. दुपारी तळ्यावर काय असतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण दुसऱ्याला पाण्यावर पाठवायची सवय लागली की माणूस पाणी विसरतो. मी वाऱ्याचं नाव काढलं नाही. फक्त "होय शेठ" म्हटलं, आणि फोन ठेवून पाहुण्यांसाठी आंद्रेआच्या बहिणीच्या खानावळीवरची एक खोली राखून ठेवली. तळ्याकडे खिडकी असलेली, चादरी नव्या.

मग तातांकडे गेले.

"ताता, त्या दिवशी गास्पारची लाँच धक्क्याला बांधा. इंजिन चालू स्थितीत पाहिजे."

ते जाळं विणत होते. हात थांबले. "कोण जाणार आहे तीतून?"

"शेठ ठरवतील."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "तू रोज देवापुढे बसतेस ना गं?"

"रोज."

"आणि तो काय म्हणतो?"

"ऐकून घेतो," मी म्हटलं.

दोन तारखेला सकाळी तळं खरोखर ताटासारखं होतं. बेगोन्या बाई लाँचमधून उतरल्या त्याच हात पसरून. उंच, मोठ्याने बोलणाऱ्या, पण मनाने साध्या. नवरा कॅमेऱ्यामागे. शेठने माझी ओळख करून दिली, "ही आमची चेपिता. कोपऱ्यात बसवली तर दिसायचीही नाही, पण हिच्याशिवाय माझं पान हलत नाही."

"हलवा की एखादं स्वतः," आंद्रेआ विणता विणता पुटपुटली. बायका फिस्सकन हसल्या.

दिवस मी जसा आखला तसाच गेला. घाई कुठेच नाही. बाईंनी मागावर बसून चार धागे चुकवले, आंद्रेआने ते उसवून पुन्हा दिले. स्मशानात एका कुटुंबाने त्यांना बोलावून ताट हातात दिलं. माझ्या घरी जेवताना बाईंनी गास्पारचा फोटो बघितला, खाली मांडलेला भोपळा बघितला.

"तुमचा मुलगा?"

"हो."

"आज त्याचं नाव घेणार?"

मी शेठकडे बघितलं. तो भाकरीचा तुकडा मोडत होता. "ते गावावर असतं बाई," तो म्हणाला. "गावाच्या आपल्या रीती."

"बघू," मी म्हटलं.

आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा वारा उठला होता. आधी लांबवर पाण्याचा रंग बदलतो, मग धक्क्याच्या खांबांवर पाणी आपटायला लागतं. बांधलेल्या लाँच एकमेकींना धडका देत होत्या. तातांनी टोपी काढली, लाउडस्पीकर हातात घेतला आणि नावं पुकारायला लागले. बाई खरंच रडल्या. नवऱ्याने कॅमेरा खाली ठेवला.

शेवटचा हार पाण्यात पडला. तातांनी लाउडस्पीकर बंद केला नाही, तसाच हातात धरून उभे राहिले.

बाईंनी डोळे पुसले. "आता निघायचं ना? कार्यक्रमात आपली लाँच आत्ताची आहे."

मी तोवर गास्पारच्या निळ्या लाँचमध्ये उतरून बसले होते. दोराचं टोक माझ्या हातात.

"लाँच तयार आहे शेठ," मी म्हटलं.

शेठने पहिल्यांदा पाण्याकडे नीट बघितलं. मग हसला, पाहुण्यांना दाखवायचं हसू. "नाही नाही बाई. आता नको. आज इथेच राहू, उद्या सकाळी जाऊ."

"पण ते जेवण? तुम्ही तर म्हणालात मंत्रालयातली माणसं..."

"राहू दे जेवण."

"थोड्या लाटा आहेत म्हणून? मी बोटीत घाबरत नाही हं."

"थोड्या?" त्याचा आवाज चढला. "बाई, मी या तळ्यावर वाढलोय. या वाऱ्यात लाँच घालणं म्हणजे जीव देणं. एकही शहाणा लाँचवाला या वेळेला जात नाही!"

त्याला वाटलं तो फक्त बाईंशी बोलतोय. पण सगळा धक्का ऐकत होता.

"आणि पाठवणारा?" मी विचारलं.

"काय?"

"जाणारा शहाणा नाही म्हणता. मग पाठवणारा कोण असतो, शेठ?"

"चेपिता, उतर आधी. वेड लागलंय का तुला?"

"तुम्हीच म्हणाला होता, अशा दुपारी तळं ताटासारखं सपाट असतं. माझ्या अंगणात म्हणाला होता. तीच वेळ आहे, तोच वारा, तीच लाँच. पाहुणे राहू देत. तुम्ही आणि मी जाऊ. या."

मी माझ्या शेजारची फळी हाताने पुसली.

बेगोन्या बाई एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. "कोणत्या दुपारी? हे काय चाललंय?"

"काही नाही बाई, हिचा मुलगा गेला तेव्हापासून ही जरा..."

"मग उतर की लाँचमध्ये!" मागून कुणीतरी ओरडलं. मग आंद्रेआ, "सपाट आहे ना तळं? बस जाऊन!" मग आणखी कुणी. ज्यांनी माझ्या अंगणात माना खाली घातल्या होत्या तेच ओरडत होते. मला त्यांचाही राग आला, पण त्यांची पाळी आज नव्हती.

ताता पुढे आले. लाउडस्पीकर शेठच्या तोंडापाशी धरला, अगदी अदबीने. "शेठ, त्या दिवशी वारा होता की नव्हता?"

त्याने पाहुण्यांकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या दोराकडे. मी एक वेढा सोडवला होता. लाँच फूटभर मागे ओढली गेली आणि दणकून परत आली.

"होता," तो म्हणाला. लाउडस्पीकरमधून ते गावभर गेलं.

"गास्पारने सांगितलं होतं तुम्हाला?"

"हो."

"प्यायला होता?"

पाणी आपटत होतं. शेठचा कोट वाऱ्याने फुगला होता, आत माणूस लहान दिसत होता.

"नाही. शुद्धीत होता. यायला तयार नव्हता. मीच म्हटलं, ये."

बाईंनी तोंडावर हात धरला. नवरा त्यांना म्हणाला, "चल," आणि दोघं शेठपासून बाजूला होऊन बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. त्या क्षणी शेठचा पुढच्या वर्षीचा सगळा धंदा गेला असणार. ते मी आखलं नव्हतं. पण आवडलं.

तातांनी लाउडस्पीकर स्वतःकडे घेतला. "गास्पार किएहू. चेपाचा मुलगा. याला तळ्याने नेलं."

घंटा वाजली. हार मी पहाटेच करून लाँचमध्ये ठेवला होता. मी तो पाण्यात सोडला. वाऱ्याने तो क्षणात ओढून नेला, जिकडे लाँच सापडली होती तिकडेच.

लोक नंतर म्हणाले, चेपाने बरी भीती घातली. ताता मात्र मला हात देऊन वर घेताना हळूच म्हणाले, "तो बसला असता तर?"

"दोर सोडला असता."

"तूही गेली असतीस."

"हो."

मी हे देवालाही सांगितलंय. क्षमा मागितलेली नाही.

पाहुण्यांना मी खानावळीवर पोचवलं. खोली झाडून, फुलं ठेवून तयार होती. खाली ओट्यावर शेठ बॅग घेऊन एकटाच उभा होता. कुणी दार उघडलं नव्हतं, आणि पलीकडे जायला सकाळपर्यंत काही नव्हतं.

"तुमची सोय माझ्याकडे केलीय," मी म्हटलं. "गास्पारच्या खाटेवर. या."

तो आला. दुसरं कुठे जाणार! फोटोसमोर पांढरी मेणबत्ती जळत होती. भोपळ्याच्या ताटलीवरचं झाकण मी काढून ठेवलं, आज खाणारा येणार होता. शेठ खाटेच्या कडेला बसला, फोटोकडे पाठ करून. पण त्या खोलीत खाट अशी आहे की कुठेही तोंड केलं तरी खिडकीतून तळं ऐकू येतं.

मी दोघांसाठी कॉफी केली. गुळाचा डबा उतरवला, दांड्याने एक खडा फोडला आणि माझ्या कपात टाकला. इतक्या महिन्यांनी तो विरघळताना मी बघत राहिले.

"चेपिता," तो खाली बघत म्हणाला, "थोडा गूळ देतेस?"

"आहे," मी म्हटलं. "तुमच्यासाठी नाही."