राजेशममामाची निवड

"गेमिंग की स्टुडंट?" विक्रेत्याने पुन्हा विचारलं.

राजेशमने काचेच्या फळीवर उघडून ठेवलेल्या लॅपटॉपांकडे पुन्हा एकदा नजर फिरवली. त्याला सगळे एकाच आईची लेकरं वाटत होते. काही काळे, काही राखाडी. एकाच्या बटणांतून लाल, निळे, हिरवे दिवे पळत होते, तेवढाच काय तो फरक.

"भाचीसाठी पाहिजे," तो म्हणाला. "इंजिनिअरिंगला लागली. वरंगलला."

"म्हणजे स्टुडंट."

"हो. पण नुसता स्टुडंट नको म्हणाली."

"मग गेमिंग?"

"तसंही नाही म्हणाली. वर्गात न्यायचाय."

विक्रेत्याने गळ्यातला टाय सारखा केला. "साहेब, मुलगी आहे ना? मग डोकं कशाला शिणवता? हा घ्या. पातळ, हलका, रंग बघा कसा गुलाबी झाक मारतो. मुली सध्या हाच नेतात." आणि त्याने प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड असा जो सपाटा लावला, तो सगळा राजेशमच्या डोक्यावरून गेला.

एक गोष्ट मात्र त्याला नीट कळली. 'सध्या हाच नेतात' हे वाक्य त्याच्या घरचं होतं. सिकंदराबादच्या जनरल बाजारातल्या मॅचिंग सेंटरच्या गादीवर तो मिसरूड फुटल्यापासून बसत आला होता. साडीशी जुळणारं ब्लाउजपीस, फॉल, अस्तर काढून देणं हे त्याचं काम. जो रंग गोदामात पडून सडतो, त्यालाच 'सध्या हाच चालतो' म्हणायचं असतं, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि बाई घरी साडी ठेवून आली आणि "लाल द्या" म्हणाली, की तो हात जोडायचा. "अम्मा, लाल म्हणजे कुठला? कुंकवाचा, डाळिंबाचा, मिरचीचा की विटेचा? रंग डोक्यात धरून मॅचिंग होत नसतं. साडी घेऊन या." साडी आणली की मात्र राजेशमने काढलेला तुकडा चुकला, असं नात्यागोत्यात कोणी म्हटलेलं नव्हतं. लग्न कुणाचंही असो, बायका बस्त्याला निघाल्या की आधी राजेशमला बोलावणं जायचं. शिक्षण बेताचं, पगार बेताचा, लग्नाचा योग तर आलाच नाही. जी काही इज्जत होती ती या डोळ्यांची.

आज तो फळीच्या दुसऱ्या बाजूला उभा होता आणि साडी घरी राहिली होती.

"साडी घेऊन येतो," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला. टायवाला त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

लॅपटॉप मीच घेणार, हे त्यानेच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. भाचीचा, सहस्राचा, निकाल लागला त्या दिवशी तिच्या बाबाईचा, म्हणजे अमेरिकेतल्या काकांचा, फोन आला. "इकडून एक चांगला लॅपटॉप पाठवतो, कोणीतरी येणारं आहेच." राजेशमला राहवलं नाही. "मामा जिता असताना?" तो म्हणाला. बारशाला पाळणा त्याने आणला होता, पहिला रेशमी परकर त्याने, कानातलं त्याने. त्यांच्याकडे मुलीचं पहिलं सगळं मामाच्या हातून यायचं असतं. भावोजींनी म्हणजे बावगारूंनी मान डोलावली, अक्काचे, त्याच्या बहिणीचे, डोळे भरून आले आणि राजेशम फुशारकीत घरी गेला. तो फुगा टायवाल्याच्या दुकानात फुटला.

रविवारी बाजार बंद. तो अक्काकडे गेला आणि सहस्राला गच्चीवर गाठलं. ही अठरा वर्षांची मुलगी चारचौघांत तोंडाला कुलूप लावून बसायची. लग्नात कोणी नाव विचारलं तरी अक्काच उत्तर द्यायची.

"बिड्डा, पोरी, खरं सांग. तुला काय पाहिजे?"

"काहीही चालेल, मामय्या."

"काहीही चालेल म्हणणारीच दुसऱ्या दिवशी तुकडा बदलायला येते. ही माझ्या धंद्यातली गोष्ट आहे. बोल."

ती बराच वेळ वाळत घातलेल्या मिरच्या उलट्यापालट्या करत राहिली. मग म्हणाली, "चल माझ्याबरोबर. खाली लायब्ररी म्हणून सांग."

लायब्ररी निघाली एका इमारतीच्या तळघरात. अंधार, थंडगार हवा, आणि रांगेने बसलेली पोरं, प्रत्येकाच्या कानावर झाकणं. तासाच्या भाड्याने कॉम्प्युटर मिळत होते. सहस्रा सरळ जाऊन एका खुर्चीत बसली. तिथल्या माणसाने तिला ओळखीचा हात केला. हे बावगारूंना कळलं तर? पत्ते काय आणि हे खेळ काय, दोन्ही जुगारच, असं ते अक्काला नेहमी ऐकवायचे.

पडद्यावर पडकी घरं आली, धूर आला, बंदुका आल्या. राजेशम खुर्चीमागे उभा राहून डोळे फाडून बघत होता.

"यातली आपली माणसं कोणती?"

"मामय्या, गप्प!"

तो गप्प झाला. या मुलीने त्याला गप्प म्हटलं होतं, आणि ते तिचं तिला कळलंसुद्धा नव्हतं.

"अखिल, दारात दोघं आहेत, थांब," ती तोंडापुढच्या माइकवर बोलत होती. "थांब म्हटलं ना! विघ्नेश, तू मेलास, आता रडत बसू नको, मागून कोण आलं ते सांग. मी तीन म्हटल्यावर सगळे आत. मी म्हटल्यावर! एक, दोन..."

कोण कोणाला का मारतंय, राजेशमला ओ की ठो कळलं नाही. पण आवाज कळला. असा आवाज त्याच्या मालकाचा असायचा दिवाळीच्या गर्दीत, जेव्हा दहा जणांना एकदम कामाला लावायचं असायचं. चार मुलगे, कुठल्या कुठल्या गावात बसलेले, त्या आवाजावर उठत-बसत होते. लग्नात जिचं नाव अक्का सांगायची, ती हीच. शेवटी काहीतरी फुटलं आणि सहस्रा दोन्ही मुठी वर करून ओरडली. राजेशमही ओरडला. का, ते त्याला ठाऊक नव्हतं.

बाहेर उसाचा रस पिताना तिने सगळं सांगितलं. मुलींच्या हॉस्टेलचं फाटक संध्याकाळीच बंद होतं. तिथून बाहेर येऊन असलं तळघर शोधणं अशक्य. साध्या लॅपटॉपवर हा खेळ अडकत अडकत चालतो, आणि चित्र अडकलं की ती मेलीच. चौघं तिच्यासाठी किती दिवस थांबतील? नवा कप्तान शोधतील. "म्हणून ताकदवान पाहिजे. पण वर्गात न्यायला हलका पाहिजे. दिवसभर चार्जिंग टिकलं पाहिजे. आणि नान्नांना खेळाचा वाटायला नको." बाबांचं नाव घेताना तिचा आवाज पुन्हा घरातला झाला.

"म्हणजे काठ भरजरी पाहिजे, अंगाला सुती पाहिजे, वजन फुलाचं पाहिजे आणि सासूला दिसायला साधी पाहिजे," राजेशम म्हणाला. "अशी साडी अजून कोणी विणली नाही, बिड्डा. निवडायचं म्हणजे काय घ्यायचं ते नाही. काय सोडायचं ते. बोल, काय सोडतेस?"

तिने ग्लास खाली ठेवला. "वजन. पाठीवर वाहीन. आणि चार्जर घेऊन फिरेन."

"ठरलं."

"नान्नांना काय सांगायचं?"

"ते माझ्यावर सोड," तो म्हणाला खरा. काय सांगायचं ते त्यालाही माहीत नव्हतं.

पुढच्या वेळी मामा-भाची दोघं पार्कलेनच्या त्याच दुकानात गेली, घरी लायब्ररीच सांगून. टायवाल्याने गुलाबी झाकवाला पुन्हा पुढे केला. सहस्रा राजेशमकडे बघत गप्प उभी राहिली. राजेशमने तिच्या पाठीवर टिचकी मारली. "तळघरात बोलतेस तशी बोल." मग ती बोलली. टायवाल्याचा हात आपोआप वरच्या फळीकडे गेला. तिने खेळ चालवून बघितला, पंख्याचा आवाज ऐकला, बटणांचे दिवे विझवून घेतले. साधा काळा, कुठे नक्षी नाही असा लॅपटॉप तिने निवडला. राजेशमने उचलून बघितला आणि हात खाली गेला. "अगं, हा पाटा आहे की काय!" त्याने उचललेली चिट्टी, म्हणजे भिशी, तर त्यात गेलीच, वर थोडी उसनवारी झाली. पण दुकानातून उतरताना बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं एवढं त्याला छान वाटत होतं. डोक्यात धरलेल्या रंगावर नव्हे, साडी बघून काढलेला तुकडा होता हा.

अक्काने पाटावर लॅपटॉप ठेवून त्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. बावगारूंनी व्हिडिओ कॉल लावला. अमेरिकेत सकाळ होती. बाबाई कॉफी पीत होते.

"वा, मामांनी शब्द पाळला! दाखव बघू. उलटा कर. मागच्या या जाळ्या कसल्या? आणि चार्जर दाखव." सहस्राने चार्जर धरला. बाबाई थोरल्या भावाकडे बघून मोठ्याने हसले. "अण्णा, ही तर वीट आहे वीट! अरे, हे गेम खेळायचं मशीन आहे. अभ्यासाला एवढं कोण घेतं?"

बावगारूंचं हसू जागच्या जागी थांबलं. "सहस्रा?"

तिचा चेहरा उतरला. मग तिने मान वर केली. "नान्ना, मी..."

ती आता सगळं सांगणार, हे राजेशमला दिसलं. तळघर, अखिल, विघ्नेश, लायब्ररी. त्यानंतर हे मशीन तर जाईलच, वरंगलही जाईल कदाचित. आणि तो आवाज तर कायमचाच जाईल.

"तिला काय विचारता, बावगारू?" तो घाईने म्हणाला. "दुकानात गेलो मी. तो टायवाला म्हणाला सध्या हाच चालतो, मी घेतला. मला त्यातलं काय कळतं? गळ्यात मारला त्याने माझ्या."

मग बाबाईच हसले. "मामा, हे काय ब्लाउजपीस आहे, उन्हात धरलं आणि झालं?"

अक्का हसली. बावगारूंना हसायचं नव्हतं, पण तेही हसले. "एवढा जन्म गादीवर घालवलास राजेशम, आणि एका टायवाल्याने तुला गुंडाळलं? आम्ही तुझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून बायकांना पाठवतो!"

"म्हातारा झालो," राजेशम म्हणाला आणि हसला.

"परत देऊन ये."

"उघडलेला घेत नाहीत."

"राहू दे रे अण्णा," बाबाई म्हणाले. "मशीन दणकट आहे, अभ्यासाला काही वाईट नाही. दुसरा कशाला पाठवू आता? नुसता जड आहे. वाहू दे तिला मामाच्या नावाने."

"खेळबिळ टाकायचे नाहीत त्यात," बावगारू म्हणाले.

"नाही, नान्ना," सहस्रा पुटपुटली.

राजेशमने खोबरं खाल्लं, चहा घेतला. थट्टा जेवणापर्यंत चालली. त्याला वाईट वाटलं. एवढं वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं. आपणच बोललो, आपल्याच मर्जीने बोललो, मग हे वाईट कशाचं, ते त्याला उमजेना.

जिन्यात सहस्राने त्याचा हात धरला. तिचे डोळे लाल झाले होते. "मामय्या, मी खरं सांगून टाकते. तुला सगळे हसताहेत."

"सांगितलंस तर तुझं मशीन जाईल आणि माझं खोटं फुकट जाईल. वर जा."

"पण तू तर बरोबर निवडलास ना!"

"ते तुला ठाऊक आहे. पुष्कळ झालं." तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "त्या पडद्यावर आपली माणसं कोणती, ते अजून सांगितलं नाहीस."

"डोक्यावर निळी खूण असते ती."

"असं होय," तो म्हणाला. त्याला निळी खूण कुठे दिसल्याचं आठवेना.

ती वरंगलला गेली. अधूनमधून तिचा फोन यायचा, तेव्हा मागे पंख्याची घरघर ऐकू यायची. "पळतोय, मामय्या!" ती सांगायची. काय पळतंय, कुठे पळतंय, तो विचारत नसे. "पळू दे," म्हणायचा.

मग घरात एक लग्न निघालं. बस्ता कधी झाला, ते राजेशमला कळलंच नाही. एका दुपारी अक्का आणि चार बायका साड्यांच्या पिशव्या घेऊन दुकानात शिरल्या. तो उठून उभा राहिला, हात पुसून साडीसाठी पुढे केले. अक्काने साडी काढली आणि त्याच्यावरून पलीकडे, गल्ल्यावर बसलेल्या मालकांच्या सुनेपुढे पसरली.

"तुम्हीच सांगा हो कुठला जाईल. आमच्या राजेशमला कोणीही गंडवतं आताशा."

बायका हसल्या. अक्काच्या मनात काही नव्हतं, ते त्याला ठाऊक होतं. सुनेने वरच्या फळीवरून एक डाळिंबी तुकडा ओढला, साडीच्या काठाला लावला. बायकांनी माना डोलावल्या. तो तुकडा घरच्या दिव्यात जांभळा पडणार होता. राजेशमला ते लांबूनच दिसत होतं. हे आता बोललं, तर टायवाल्याने गंडवलं यावर कोण विश्वास ठेवणार?

अक्का अजून उभीच होती. त्याने आतून स्टूल आणून तिला बसायला दिलं, आणि सगळ्यांना चहा सांगायला तो रस्त्यावर उतरला.