माळ्यावरचं दही

दुर्गेश्वरी लग्न होऊन मुर्रीला आली ती ऐन उन्हाळ्यात, आणि तिच्या नि कैलाशच्या वाट्याला आला टिनाखालचा माळा. खोली कसली, भट्टीच! आरशाला लावलेली टिकलीसुद्धा दुपारी गळून पडायची. मग काय, रात्री सगळं घर अंगणात. ओळीनं खाटा: सासरे शालीकराम, सासू निर्मलाबाई, कैलाश, मग नणंद गुंजन आणि तिच्या पलीकडे दुर्गेश्वरी. गुंजन भारी प्रेमळ. वहिनीचा हात धरल्याशिवाय तिला झोप येत नसे. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर बिचाऱ्या दुर्गेश्वरीला त्याला गोठ्यात गाठावं लागे. पण हे सांगायचं कोणाला, आणि कोणत्या तोंडानं?

ऊन अडवायला टिनाखाली काहीतरी भरायला हवं, एवढ्यावर घरात एकमत होतं. काय भरायचं, यावर मात्र रोज भांडण. गोंदियात विजेच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या कैलाशला चंदेरी कागद लावलेली ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांची गादी, हवी होती. निर्मलाबाईंनी फ्रिजच्या खोक्यात थर्माकोल पाहिलं होतं, तेव्हापासून त्यांचा त्याच्यावर फार जीव. आणि शालीकराम धानाच्या तणशीवर, म्हणजे पेंढ्यावर, अडून बसलेले.

"गोठ्यावर तणस हाय, तं म्हशी काऊन नाही तडफडत?" ते म्हणत. "आन तुमी कागद लावून राहिले!"

शेवटी निर्मलाबाईंनीच तोड काढली. माळ्याच्या तीन कोपऱ्यांत पोत्यांचे आडोसे केले, प्रत्येकावर टिनाखाली ज्याचा त्याचा माल बांधला, आणि सकाळी एकाच पातेल्यातलं दही तीन वाडग्यांत काढून खाली ठेवलं. संध्याकाळी ज्याचं दही जास्त आंबट, तो हरला. चाखणार सून, कारण ती अजून कोणाच्याच बाजूची नव्हती.

थर्माकोलखालचं दही असं आंबलं होतं की दुर्गेश्वरीचा एक डोळाच मिटला. उरलेली दोन्ही गोड. तिनं पुन्हा चाखून पाहिलं, फरक म्हणून नाही.

"मंग तणसच!" शालीकरामांनी मांडीवर थाप मारली. "बराबरीत हाय तं घरचीच घ्याची. धान कापला का नवी तणस येते. दिवाळी झाली का भरू माळा. घाई कायची हाय?"

"वर वायरिंग हाय, बाबा. ठिणगी पडली तं?" कैलाश म्हणाला, पण जिंकलेला माणूस कोणाचं ऐकतो?

दिवाळीनंतर! दुर्गेश्वरीच्या हातातला चमचा हातातच राहिला.

"मले घाई हाय, मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली.

बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. कैलाश वर टिनाकडे बघत बसला. "कायची घाई, वहिनी?" गुंजननं विचारलंच. निर्मलाबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि त्या जे हसत सुटल्या ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"बोलली वं माय पोरगी!" त्या म्हणाल्या. "मी तं कवाच नाही बोलली. सासू इकडं, नणंद तिकडं, आन मधात मी. सारे उन्हाळे तसेच गेले."

शालीकरामांनी बायकोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गोंदियाला गेले आणि ऑटोतून ग्लासवूलचे गठ्ठे कवटाळून आले. अंगभर खाजवत होते, पण ऐट नवरदेवाची.

माळा तयार झाला त्या दिवशी दुर्गेश्वरीनं नवी चादर अंथरली, आरशाला टिकली लावली. दुपारची जेवणं झाली, भांडी आवरली, आणि मनातून नाचतच ती शिडी चढली.

नव्या चादरीवर शालीकराम तोंड उघडं टाकून घोरत होते. शेजारी निर्मलाबाई, त्यांचा हात नवऱ्याच्या हातात. भर दुपारी दोघांच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. टिकलीही आरशावर जागच्या जागी होती. दुर्गेश्वरीला हसू आलं.

ती पाय न वाजवता उतरली. खाली गुंजन शिडी धरून उभीच.

"जाऊ नको वर," दुर्गेश्वरी म्हणाली. "दही ठेवलं हाय."

आणि कोणी वर जाऊ नये म्हणून ती स्वतः खालच्या पायरीवर बसून राहिली.