दाराजवळून दिसणारा टीव्ही

सायरा दुकानाच्या फरशीवर फतकल मारून बसली आणि मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. आमचं कराकोल गाव ते केवढंसं, कुणीतरी ओळखीचं भेटणारच!

"अगं ऊठ, लोक बघतायत!"

"थांब गं ताई," म्हणत माझी ही धाकटी बहीण सरकत सरकत पार कडेला गेली आणि तिथून मान वाकडी करून टीव्ही बघू लागली.

शनिवारी तिच्या लेकीचं, बेगायिमचं लग्न. रजया, गाद्या बांधून झाल्या होत्या, आंदणातला टीव्ही तेवढा राहिला होता. "आमची भिंत मोठी आहे हो," असं विहीणबाई हसत हसत सुचवून गेल्या, तेव्हापासून सायराला दुसरं काही सुचत नव्हतं.

"मावशी, हाच न्या," दुकानातला एल्दार म्हणाला. "पंच्याहत्तर इंच. पडद्यामागे दिवे आहेत, उन्हातही लखलखीत. तेवढ्याच पैशात हा ओएलईडी पंचावन्नचाच येईल. त्यात ठिपका न् ठिपका आपापला उजळतो, काळं म्हणजे अगदी काळं. पण भिंतीवर चिमुकला दिसेल."

"मोठा इथून सगळा पिठूळ दिसतोय," सायरा म्हणाली. "छोट्यातली फुलं मात्र लालच आहेत."

"एवढ्या कडेला बसून कोण बघतंय, मावशी?"

मला मात्र कळलं. आमच्याकडे मानाची जागा खोलीत सगळ्यात आत, टीव्ही तिथल्याच आडव्या भिंतीवर, दारातून तिरका दिसणारा, आणि सून दाराशी, चहाच्या समोवारापाशी. सायरानं तिथंच बसून चहा ओतण्यात वर्षं काढली. सासऱ्यांच्या टीव्हीत तिला कुणाचा चेहरा धड दिसला नाही. मालिका ती नुसती ऐकायची.

"विहीण जन्मभर टोमणे मारेल पोरीला," मी म्हणाले.

"तीच तर भीती आहे गं," ती म्हणाली, आणि तिनं छोट्यावर बोट ठेवलं. घरी येईपर्यंत तिचं एकच चाललं होतं, "चुकलं का गं माझं?"

लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा बेगायिमकडे गेलो. आम्हाला आत मानानं बसवलं. पाहुणे आले म्हणून टीव्हीचा आवाज बंद केला होता.

"शेजाऱ्यांच्या सुनेनं भिंतभर आणलाय," विहीणबाई पाव मोडत म्हणाल्या. "असो. आमच्या नशिबी एवढाच."

सायराचा घास हातातच राहिला. दाराशी बेगायिम, रुमाल कपाळापर्यंत ओढलेला, मान खाली घालून चहा ओतत होती. एकदाही तिनं वर पाहिलं नाही. मेलं कशासाठी केलं हे सगळं, असं मला झालं.

पडद्यावर एका बोकडानं लठ्ठ बातमीदाराला मागून ढुशी दिली. मी ते ओझरतं पाहिलं, बाकी सगळ्यांचं लक्ष ताटात होतं. दाराकडून खुदकन हसू आलं आणि तिथंच दाबलं गेलं.

"काय गं?" विहीणबाई.

"काही नाही, आई," म्हणत बेगायिमनं मानाच्या रीतीप्रमाणे अर्धीच भरलेली चहाची वाटी पुढे केली.

सायरानं ती दोन्ही हातांनी घेतली. चहा कढत होता, तरी ती तो तसाच प्यायली.