पाय दाखवा

इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांनी मला पेशंट समजून बाकावर बसवलं आणि मीही मुकाट्याने बसले. पंचेचाळिसाव्या वर्षी आरोग्य सहायकाचा कोर्स करणारी बाई त्यांनी कुठे पाहिली असणार? वीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवत होते. मुलगी कॉलेजात गेली तेव्हा तिच्या फॉर्मबरोबर माझाही भरून टाकला. उन्हाळ्याचे दोन महिने वस्तीतल्या दवाखान्यात काम करणं हा त्या कोर्सचाच भाग होता.

अर्ध्या तासाने सिस्टर नंबर पुकारत आल्या तेव्हा मी उठून म्हटलं, "माझा नंबर नाही हो. मी नवी इंटर्न."

सिस्टर असतील सव्वीस वर्षांच्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काकू, इथे दिवसभर उभं राहावं लागतं हां."

"मशीनवर बसून बसून कंबर गेलीय माझी. उभी राहिले तर बरीच होईल."

त्या हसल्या. तेव्हापासून मी सगळ्या दवाखान्याची काकू झाले. डॉक्टर मॅडमसुद्धा काकूच म्हणायला लागल्या.

बुधवारी शुगरचे पेशंट यायचे. सकाळी आठपासून रांग, ऐंशीच्या घरात माणसं. वजन, बीपी, बोटाला सुई, गोळ्या, की पुढचा. भिंतीवरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'रोज आपले पाय तपासा.' आमच्या पुस्तकात तर त्यावर अख्खा धडा होता. शुगर जुनी झाली की पायाची जाणीव जाते, जखम झाली तरी कळत नाही, आणि चिघळली की पाय कापायची वेळ येते. पण दवाखान्यात कुणीच बूट काढत नव्हतं.

मी सिस्टरना विचारलं. त्या वैतागल्या. "काकू, बूट काढायला-घालायला माणशी पाच मिनिटं. गुणिले ऐंशी करा."

"पण ते दोन-दोन तास बाकावर बसूनच असतात ना? तिथेच बघितले तर?"

त्यांनी बाकावरच्या रांगेकडे एकदा बघितलं. "बघा. पण माझी रांग अडली तर तुमची खैर नाही."

पुढच्या बुधवारी मी बुटकं स्टूल घेतलं, टॉर्च घेतला आणि तपासणीचा तो नायलॉनचा जाड धागा. पेशंटने डोळे मिटायचे, आपण धाग्याचं टोक तळव्याला टेकवायचं आणि विचारायचं, लागलं का? धाग्याशी माझी जुनी ओळख, त्यामुळे ते लगेच जमलं. अडचण वेगळीच निघाली. लोक लाजायचे. एका आजींनी मोज्याला भोक आहे म्हणून पाय बाकाखाली ओढून घेतला. मी म्हटलं, "आजी, भोकं बुजवण्यात माझा जन्म गेला. दाखवा." मग त्यांनी दोन्ही पाय पुढे केले.

तिसऱ्या बुधवारी एक निवृत्त बसड्रायव्हर आले. आवाज असा, की हॉर्नची गरज पडली नसेल कधी.

"पाय कशाला? शुगर रक्तात असते बाई, बुटात नाही!"

सगळा बाक हसला. मलाही हसू आलं. "खरंय दादा. पण गाडी बाहेर काढायच्या आधी तुम्ही टायर बघत होतात की नाही?"

ते पुटपुटले, पण वाकून बुटाची नाडी सोडली. उजव्या तळव्यात एक बारीक खिळा रुतला होता, पार डोक्यापर्यंत. भोवतीची कातडी पांढरी पडली होती, पू धरला होता. आणि हा माणूस तसाच चालत आला होता.

"दुखतंय का?"

"काय दुखतंय?" ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "काय आहे तिथे?"

मी खिळ्याला हात न लावता सिस्टरना हाक मारली. डॉक्टर मॅडमनी खिळा काढला, जखम धुतली, इंजेक्शन दिलं. तीन आठवडे ते ड्रेसिंगला आले आणि पाय वाचला. आणखी आठवडाभर गेला असता तर सांगता आलं नसतं, असं मॅडम म्हणाल्या. खिळा निघाला त्याच दिवशी सिस्टरनी स्वतःहून आणखी एक स्टूल आणलं.

शेवटच्या दिवशी आमच्या कोर्सच्या बाई अहवाल ऐकायला आल्या. मी उभी राहिले आणि वाचलं. दोनशे चौदा जणांचे पाय बघितले. एकतीस जणांच्या पायाची जाणीव कमी झालेली. सात जणांना जखमा, ज्यांचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यातल्या सहा भरल्या. एका आजोबांची दोन बोटं मात्र काढावी लागली, आम्हाला उशीर झाला होता. तेही मी लिहिलं होतं.

बाईंनी मॅडमना विचारलं, "ही तुमची योजना का?"

"छे!" मॅडम म्हणाल्या. "काकूंनाच विचारा. आम्ही दहा वर्षं तो फलक लावून बसलो होतो."

मग बाईंनी मला एकामागून एक प्रश्न विचारले आणि मी सगळ्यांची उत्तरं दिली. कागदाकडे एकदाही न बघता.

निघताना सिस्टरनी माझा मूल्यमापनाचा फॉर्म पुढे केला. वक्तशीरपणा, दहापैकी दहा. पेशंटशी वागणूक, दहा. स्वतःची काळजी, चार.

"चारच?"

"एक दिवस तरी वेळेवर जेवलात का?"

सगळ्यात खाली छापील प्रश्न होता, 'या व्यक्तीला कामावर घ्याल का?' त्यापुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, 'जागा निघाली की त्याच दिवशी.'

मी फॉर्म नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी गेल्यावर मुलीला तो वाचून दाखवला. तिचे बाबा आले, तेव्हा पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला. ते म्हणाले, "ड्रायव्हरचं परत सांग." मी उभं राहून, हातवारे करून सांगितलं.